जुन्या शर्यती, नवे संगणक : चित्र फाटते, आवाज तुटतो तेव्हा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा मोटारींचा. पिंपरीत टाटा, आकुर्डीत बजाज, पुढे चाकणला फोक्सवॅगन, महिंद्र आणि मर्सिडीज-बेंझ. तरीही इथल्या एका पिढीने पहिली वेगवान मोटार हाकली ती रस्त्यावर नव्हे, संगणकाच्या पडद्यावर. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीत तयार झालेली टाटांची इंडिका देशासमोर आली. त्याच सुमारास संगणकवर्गांत, सायबर कॅफेंत आणि ज्यांच्याकडे संगणक होता अशा मोजक्या घरांत ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड’ हे गेम रंगू लागले होते.

ती पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे. कपाटाच्या तळाशी राहिलेली जुनी सीडी मुलांना दाखवण्यासाठी बाहेर काढली जाते, नव्या लॅपटॉपवर गेम सुरू केला जातो आणि बहुतेक वेळा निराशा पदरी पडते. मोटार डोळ्याला दिसणार नाही अशा वेगाने भिंतीवर आदळते, आकाश जांभळे आणि रस्ता हिरवा दिसतो, इंजिनाच्या घरघरीऐवजी लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू येते. ‘गेम खराब झाला’ असा निष्कर्ष काढून सीडी पुन्हा कपाटात जाते.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले, पण चालू स्थितीतील इंडिकाला ब्रेक पॅड किंवा फिल्टर मिळतो, कारण सुट्या भागांची बाजारपेठ गाडीपेक्षा जास्त काळ टिकते. जुन्या गेमचे तसे नाही. तो ज्या प्रोसेसरवर, ज्या ग्राफिक्स कार्डावर आणि ज्या साउंड कार्डावर चालत असे, ते सारे भाग बाजारातून गेले आहेत. गेम शाबूत आहे. त्याचे सोबती हरवले आहेत. दिसणारा प्रत्येक दोष कोणता सोबती हरवला आहे याची खूण असतो. ती खूण ओळखता आली, तर दुरुस्ती अवघड नाही.

सोंग घेणारे यंत्र

वाहनउद्योगात इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, म्हणजे ईसीयू, प्रत्यक्ष गाडीत बसवण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासला जातो. त्याला जोडलेला संगणक इंजिनाचे सोंग घेतो. तापमान, फेरे, हवेचा दाब यांचे खोटे पण अचूक संकेत तो देत राहतो आणि ईसीयूला आपण धावत्या गाडीत आहोत असेच वाटते. या पद्धतीला ‘हार्डवेअर इन द लूप’ म्हणतात. एम्युलेटरचे तत्त्व याच जातीचे. इथे गेम खरा असतो आणि त्याच्याभोवतीचा संगणक सोंग असतो.

या सोंगाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील फरक कळणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. साधारण १९९५ पर्यंतचे गेम डॉस प्रणालीवर चालत आणि हार्डवेअरशी थेट बोलत. त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ हा एम्युलेटर २००२ पासून उपलब्ध आहे. ‘डॉसबॉक्स-एक्स’ आणि ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ ही त्याची पुढची भावंडे. विंडोज ९५ आल्यानंतरचे गेम हार्डवेअरशी ‘डायरेक्टएक्स’ या मध्यस्थामार्फत बोलू लागले. त्यांच्यासाठी संपूर्ण सोंगाची गरज नसते. जुन्या मध्यस्थाची भाषा नव्या ग्राफिक्स कार्डाला समजावणारा दुभाषा पुरतो. अशा दुभाषाला ‘रॅपर’ म्हणतात. ‘डीजीव्हूडू’ आणि ‘एनग्लाइड’ ही त्यांतील परिचित नावे. या दोहोंनी भागले नाही, तर ‘पीसीईएम’ किंवा ‘८६बॉक्स’ यांसारखे एम्युलेटर मदरबोर्डापासून साउंड कार्डापर्यंत अख्खा जुना संगणक उभा करतात आणि त्यात विंडोज ९८ नव्याने स्थापित करता येते. मात्र त्यासाठी आजचा संगणकही दमदार लागतो.

म्हणून सीडीवरील साल आधी पाहावे. पहिला ‘नीड फॉर स्पीड’ १९९४ मध्ये थ्रीडीओ या यंत्रासाठी आणि १९९५ मध्ये डॉससाठी आला. १९९६ च्या त्याच्या विशेष आवृत्तीत डॉस आणि विंडोज ९५ अशा दोन्ही प्रती होत्या. ‘रोड रॅश’ची संगणकावरील आवृत्ती १९९६ ची, विंडोज ९५ साठीची. ‘नीड फॉर स्पीड २’ची विशेष आवृत्ती १९९७ ची, तीही विंडोजचीच. विंडोजचा गेम डॉसबॉक्समध्ये घालून चित्र का येत नाही म्हणून तासन् तास घालवणे, म्हणजे डिझेलच्या गाडीत स्पार्क प्लग शोधणे.

वेगाचे गणित

ऐंशीच्या दशकातील अनेक गेम घड्याळ पाहत नसत. प्रोसेसर जितक्या लवकर एक फेरी पूर्ण करी, तितक्या लवकर गेम पुढचे दृश्य काढी. संगणक वेगवान झाला की मोटारही वेगवान होई. त्या काळच्या संगणकांवर ‘टर्बो’ असे लिहिलेले बटण असे. नावावरून तसे वाटत नसले, तरी त्याचा खरा उपयोग संगणक मंद करून जुने कार्यक्रम चालवण्यासाठी होता.

डॉसबॉक्समध्ये या बटणाची जागा ‘सायकल्स’ या आकड्याने घेतली आहे. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सोंगातील प्रोसेसरने साधारण किती सूचना पार पाडाव्यात, हे तो आकडा सांगतो. मूळ डॉसबॉक्समध्ये ही निवड ‘ऑटो’ असते. जुन्या धाटणीच्या गेमना ३००० सायकल्स मिळतात आणि नंतरच्या धाटणीच्या गेमना संगणक देऊ शकेल तेवढ्या. ढोबळमानाने ४८६ प्रोसेसरच्या काळातील गेमसाठी १० ते २५ हजार, तर पेंटियमच्या काळातील गेमसाठी ५० हजारांच्या पुढचा आकडा लागतो. गेम चालू असताना कंट्रोलसह एफ१२ दाबले की आकडा वाढतो, कंट्रोलसह एफ११ दाबले की उतरतो. तो खिडकीच्या शीर्षपट्टीवर दिसतो. लॅपटॉपवर कळफलकातील ‘एफएन’ ही कळही सोबत दाबावी लागण्याची शक्यता असते.

इथे एक सापळा आहे. गेम मंद वाटला की आकडा वाढवण्याचा मोह होतो. पण सोंगातील प्रोसेसरकडून खऱ्या संगणकाच्या कुवतीपेक्षा जास्त काम मागितले की तो वेळेत पोहोचत नाही आणि सर्वांत आधी आवाज तुटू लागतो. म्हणजे साउंड कार्डाच्या सेटिंगमध्ये शोधला जाणारा दोष प्रत्यक्षात वेगाच्या आकड्यात दडलेला असतो. यासाठी आकडा एकदम न वाढवता टप्प्याटप्प्याने वाढवावा, आवाज फुटू लागला की एक पायरी मागे यावे आणि तो आकडा लिहून ठेवावा.

जेफ क्रॅमंड यांचा १९९६ मधील ‘ग्रां प्री २’ हा फॉर्म्युला वनचा गेम या बाबतीत फार बोलका आहे. त्यात ओ ही कळ दाबली की प्रोसेसरवर किती टक्के भार आहे, ते पडद्यावर दिसते. भार १०० टक्क्यांवर गेला की हा गेम दृश्ये गाळत नाही, काळच संथ करतो. खेळणाऱ्याला गाडी जड वाटते, वळणे सोपी वाटतात, फेरीची नोंदलेली वेळ मात्र भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाही. यावर उपाय म्हणजे दृश्याचा तपशील कमी करणे किंवा सायकल्स वाढवणे. भार शंभराच्या खाली आला की शर्यत पुन्हा खऱ्या काळात धावते.

चित्र बिघडते ते कुठे

चित्राच्या तक्रारी अनेक, पण त्यांची मुळे थोडी. पहिली तक्रार मोटार चपटी दिसण्याची. डॉसच्या अनेक गेमचे चित्र आडव्या ३२० आणि उभ्या २०० ठिपक्यांचे असे. हे ठिपके चौरस नव्हते. तेव्हाच्या चारास तीन प्रमाणाच्या मॉनिटरवर तेच चित्र उभे ताणून २४० ठिपक्यांच्या उंचीचे दिसे. आजच्या पडद्यावर ठिपके चौरस असल्याने ताण नाहीसा होतो आणि चाके अंड्यासारखी दिसतात. डॉसबॉक्समधील ‘ॲस्पेक्ट’ ही निवड चालू केली की मूळ उंची परत मिळते. मात्र ६४० बाय ४८० चे चित्र मुळातच चौरस ठिपक्यांचे असते. ते रुंद दिसत असेल, तर दोष मॉनिटरच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ‘पूर्ण पडदा भरा’ या सेटिंगमध्ये असतो. गाडीचे सुकाणू किंवा चाक सरळ समोरून पाहावे. ते गोल असेल तर प्रमाण बरोबर.

दुसरी तक्रार गचक्यांची. ३२० बाय २०० च्या त्या चित्रप्रकारात जुना मॉनिटर सेकंदाला ७० वेळा चित्र रंगवी. आजचे अनेक पडदे ६० वेळा रंगवतात. गेम दर सेकंदाला ७० दृश्ये देत असेल, तर १० दृश्यांना जागाच उरत नाही आणि कडेची झाडे नियमित अंतराने अडखळतात. संगणकाचा वेग कितीही असला तरी हा गचका जात नाही. पडदा ७० किंवा त्याहून अधिक हर्ट्झला चालत असेल, तर तसा लावणे हाच उपाय. याच घराण्यातील दुसरा दोष म्हणजे वळणावर चित्राला आडवी चीर पडणे. पडदा अर्धा रंगवून झालेला असताना नवे दृश्य येऊन पोहोचले, की वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो. ‘व्ही-सिंक’ चालू केल्यावर दृश्य पडद्याची फेरी संपेपर्यंत थांबते आणि चीर जाते. या थांबण्यामुळे सुकाणू किंचित उशिरा वळल्यासारखे वाटते, हे लक्षात ठेवावे.

तिसरी तक्रार रंगांची. विंडोज ९५ च्या काळातील अनेक गेम २५६ रंगांत चालत. असा गेम पडद्याला रंग सांगत नसे, रंगाचा क्रमांक सांगे. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग, याची पेटी वेगळी असे. रांगोळीच्या डब्यांवरचे क्रमांक तेच ठेवून आतले रंग कुणी अदलाबदल केले, तर नक्षी बरोबर येते पण मोर लाल होतो. तसेच इथे घडते. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये डेस्कटॉप सांभाळणारा कार्यक्रम मधूनच या पेटीत हात घालत असे. विंडोज ८ पासून खरा २५६ रंगांचा प्रकारच गेला आणि त्याचे अनुकरण उरले. गेमच्या फाइलच्या गुणधर्मांत ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर कमी रंगांची निवड असते, ती आधी करून पाहावी. तेवढ्याने भागले नाही, तर ‘सीएनसी-डीड्रॉ’ किंवा ‘डीड्रॉकॉम्पॅट’ यांसारखा दुभाषा गेमच्या फोल्डरमध्ये ठेवावा. तो रंगपेटी स्वतःच्या ताब्यात घेतो.

चौथी तक्रार गेम अगदीच खडबडीत दिसण्याची. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड आले आणि संगणकावरील शर्यतींचे रूप पालटले. या कार्डाची स्वतःची ‘ग्लाइड’ नावाची भाषा होती. ‘नीड फॉर स्पीड २’च्या विशेष आवृत्तीला ती येत असे. ज्यांच्याकडे कार्ड नव्हते त्यांच्यासाठी प्रोसेसरच्या बळावर काढलेले साधे चित्र होते. २००० च्या अखेरीस एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार केला आणि ग्लाइड बोलणारी कार्डे इतिहासजमा झाली. आज एनग्लाइड किंवा डीजीव्हूडू ती भाषा ऐकून नव्या कार्डाला समजावतात. परिणामी १९९७ मध्ये ज्यांनी या शर्यतीतील नेपाळचा डोंगरी मार्ग ठोकळ्यांत पाहिला, त्यांना तो प्रथमच त्याच्या खऱ्या रूपात दिसू शकतो.

पाचवी तक्रार त्याहून सूक्ष्म. झाडांभोवती काळ्या चौकटी दिसतात, दूरचे धुके गायब होते किंवा गतिदर्शकाच्या आकड्यांभोवती बारीक रेषा उमटतात. काळ्या चौकटी म्हणजे पारदर्शक मानायचा रंग नव्या कार्डाला कळलेला नाही. धुके नाही, म्हणजे धुके काढण्याची जुनी पद्धत कार्डातून वगळली गेली आहे. या दोन्हींवर दुभाषा हाच उपाय. आकड्यांभोवतीच्या रेषा मात्र बहुतेकदा वापरणाऱ्याने ओढवून घेतलेल्या असतात. चित्र आणखी गुळगुळीत व्हावे म्हणून जबरदस्तीने लावलेले ‘अँटी-अलायझिंग’ सपाट आकड्यांवरही चालते आणि त्यांच्या कडा उसवते. ते काढले की रेषा जातात.

आवाज तुटतो ते कुठे

आवाजाचे निदान करताना काय ऐकू येत नाही, हे आधी नेमके ठरवावे. काहीच ऐकू येत नाही, फक्त संगीत येत नाही आणि सगळे येते पण तडतडत येते, हे तीन वेगळे आजार आहेत.

काहीच ऐकू येत नसेल, तर डॉसच्या गेमला साउंड कार्ड सापडलेले नाही. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ १९८९ मध्ये आले आणि पुढे तेच प्रमाण ठरले. गेमला कार्डाचे नाव आणि त्याचा पत्ता दोन्ही हाताने सांगावे लागत. डॉसबॉक्समध्ये हे सोंगातील कार्ड नेहमी ठरलेल्या जागी असते : पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ आणि वरचा डीएमए ५. गेमसोबत आलेला ‘सेटअप’ कार्यक्रम डॉसबॉक्समध्येच चालवून ‘साउंड ब्लास्टर १६’ निवडावे आणि हे आकडे भरावेत. त्या काळच्या अनेक प्रत्यक्ष कार्डांवर आयआरक्यू ५ असे. जुन्या वहीतील किंवा माहितीपुस्तिकेतील तो आकडा भरला, तर इथे गेम मुका राहतो.

इंजिन ऐकू येते पण संगीत नाही, ही तक्रार शर्यतींच्या गेममध्ये फार आढळते. कारण संगीत अनेकदा सीडीवर साध्या गाण्यांच्या सीडीप्रमाणे वेगळ्या ध्वनिपट्ट्यांत असे. जुन्या संगणकात सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जाई आणि गाणे प्रोसेसरला न शिवता तिच्यातून थेट स्पीकरपर्यंत पोहोचे. आज ती वायर नाही आणि बहुतेक लॅपटॉपना ड्राइव्हही नाही, म्हणून सीडीची प्रतिमा वापरली जाते. इथेच गफलत होते. ‘आयएसओ’ प्रकारची प्रतिमा सीडीवरील माहितीचा भागच उचलते. गाण्यांच्या पट्ट्या मागे राहतात. ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा दोन फाइलींच्या जोडीत मात्र सारे येते. त्यांपैकी क्यू ही फाइल डॉसबॉक्सला जोडून दिली की संगीत परत येते. संगीत येते पण वेगळ्याच वाद्यांवर वाजते, अशीही तक्रार असते. तिथे गेमच्या सेटअपमध्ये संगीतासाठी यामाहाच्या चिपवरील ‘एफएम’ ऐवजी ‘मिडी’ किंवा मिडीऐवजी एफएम निवडले गेलेले असते.

याला एक अपवाद आहे. ‘रोड रॅश’मध्ये साउंडगार्डनसारख्या रॉक बँडची गाणी होती. जागा वाचवण्यासाठी गाणी आणि चित्रफिती काढून टाकलेल्या प्रती तेव्हा हातोहात फिरत. हाती असलेली प्रत तशी छाटलेली असेल, तर जे नाहीच ते कोणत्याही सेटिंगने वाजणार नाही.

तडतडीचे कारण समजण्यासाठी सोसायटीच्या गच्चीवरील टाकी डोळ्यांपुढे आणावी. नळाला पाणी थांबून थांबून आले, तरी टाकी असल्याने घरातील धार अखंड राहते. टाकी लहान असेल तर धार तुटते. आवाजाच्या बाबतीत या टाकीला ‘बफर’ म्हणतात. डॉसबॉक्समध्ये ‘ब्लॉकसाइझ’ आणि ‘प्रीबफर’ हे दोन आकडे तिचे आकारमान ठरवतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने १०२४ नमुन्यांचा एक ब्लॉक सुमारे २३ मिलिसेकंद पुरतो. तडतड होत असेल, तर सायकल्स कमी करून पाहाव्यात आणि तरीही राहिली तर ही टाकी वाढवावी. मात्र टाकी मोठी झाली की पाणीही जुने होते. गिअर बदलल्याचा आवाज गिअर बदलल्यानंतर येऊ लागतो आणि कानावर विसंबून गिअर टाकणाऱ्याचा अंदाज चुकतो. ब्लूटूथ हेडफोन हा उशीर आणखी वाढवतात. शर्यतीसाठी वायरचा हेडफोन अधिक बरा, याचे कारण हेच.

‘व्हाय-व्हाय’ची शिस्त

जपानच्या टोयोटा कंपनीतून जगभर पसरलेली, एकामागून एक ‘का’ विचारत मूळ कारणापर्यंत जाण्याची पद्धत या औद्योगिक पट्ट्यातील कामगारांना आणि अभियंत्यांना नव्याने सांगायला नको. कारखान्यांत ती ‘व्हाय-व्हाय’ या नावानेच ओळखली जाते. घरच्या संगणकावर मात्र ती विसरली जाते. दहा सेटिंगे एकदम बदलली जातात. त्यांतील एकाने दोष जातो, दुसऱ्याने नवा येतो आणि कोणत्याने काय झाले हे कायमचे अज्ञात राहते. प्लग, फिल्टर आणि कार्ब्युरेटर एकदम बदलणाऱ्या मेकॅनिकला खरा गुन्हेगार कधीच सापडत नाही.

संगीत का येत नाही? गेमला ध्वनिपट्टी सापडत नाही म्हणून. ती का सापडत नाही? जोडलेल्या प्रतिमेत ती नाही म्हणून. का नाही? प्रतिमा आयएसओ प्रकारची आहे म्हणून. इथे तिसऱ्याच ‘का’ला मूळ हाती लागते आणि साउंड कार्डाचे एकही सेटिंग बदलावे लागत नाही.

व्यवहारात क्रम असा ठेवावा. गेमचे साल आणि प्रणाली ठरवावी. सेटिंगच्या मूळ फाइलची प्रत बाजूला काढावी. आधी वेग ठीक करावा, मग चित्र, शेवटी आवाज. कारण वेगाचा दोष बाकी दोघांचे सोंग घेतो. एका वेळी एकच बदल करावा, तोच रस्ता आणि तीच गाडी घेऊन तपासावे, उपयोग न झाल्यास बदल मागे घ्यावा. आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा.

दिसणारी प्रत्येक खोट दोष नसते, हेही ध्यानात ठेवावे. त्या काळच्या कार्डांची ताकद बेताची असल्याने दूरचे डोंगर आणि इमारती एकाएकी उगवत. ते झाकण्यासाठीच कित्येकदा धुके घातले जाई. मूळ गेम जसा होता तसा हवा, की आजच्या डोळ्यांना रुचेल असा हवा, हे आधी ठरवले नाही, तर जे कधी बिघडलेच नव्हते ते दुरुस्त करण्यात वेळ जातो.

सेटिंगपलीकडचे अडथळे

काही अडचणी सेटिंगने सुटत नाहीत. विंडोज ९५ च्या अनेक गेमचा मुख्य कार्यक्रम ३२ बिटचा असला, तरी तो बसवणारा इन्स्टॉलर १६ बिटचा असे. ६४ बिटच्या विंडोजवर तो सुरूच होत नाही. १९९८ नंतरच्या अनेक गेममध्ये नक्कल रोखण्यासाठी ‘सेफडिस्क’ ही यंत्रणा होती. तिचा ड्रायव्हर सुरक्षेला धोकादायक ठरल्याने मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जुन्या विंडोजवर बंद केला आणि विंडोज १० मध्ये तो चालतच नाही. खरी सीडी ड्राइव्हमध्ये असूनही ‘सीडी घाला’ असा निरोप येतो तो यामुळे. अशा वेळी इंटरनेटवरील कुठल्याशा अनोळखी ठिकाणाहून ‘दुरुस्त केलेली’ फाइल उतरवून घेण्याचा मार्ग सोपा वाटतो. त्या फाइलीसोबत आणखी काय येईल, याची खात्री कुणी देत नाही, आणि ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्याच लॅपटॉपवर हा जुगार खेळला जातो. त्यापेक्षा माळ्यावर पडलेला विंडोज एक्सपीचा संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ गेमसाठी ठेवणे शहाणपणाचे.

सर्वांत मोठा अडथळा मात्र काळाचा आहे. घरी लिहिलेल्या सीडीवरील माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन आणि उष्णता त्या थराला मानवत नाहीत. छापील सीडीचाही परावर्तक थर दमट हवेने आणि ओरखड्यांनी खराब होतो. सेटिंग चुकले तर ते पुन्हा बदलता येते. सीडी वाचता येईनाशी झाली, तर एम्युलेटर कितीही चांगला असो, त्याच्यात घालायला काही उरत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ हे कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणकीय कार्यक्रमाची राखीव प्रत, ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून आणि मूळ उपयोगापुरती, काढण्याची मुभा देते. त्या मुभेत ती प्रत इतरांना वाटणे बसत नाही.

म्हणून ज्यांच्या कपाटात अशा मूळ सीडी आहेत, त्यांनी दुरुस्तीला हात घालण्याआधी बाहेरचा ड्राइव्ह जोडून बिन आणि क्यू प्रकारची प्रतिमा काढावी. ती दोन ठिकाणी जपावी आणि सोबत गेमचे साल, मिळालेले सायकल्सचे आकडे आणि आवाजाची सेटिंगे लिहिलेली फाइल ठेवावी. चित्राचे आणि आवाजाचे प्रश्न त्यानंतर एखाद्या रविवारी सावकाश सोडवता येतील.